अडईच्या पेटीतले घुसखोर

तळ्यावर चार रविवार काढले की किस्से मागावे लागत नाहीत, चिखलासारखे पायाला चिकटून घरी येतात. आमची टीम तिघांची. वडगावचे विणकर आप्पा, त्यांची बायको आक्का आणि शेती सांभाळून बेळगावात कारकुनी करणारा मी. तळ्यात खांब रोवून आम्ही अडई बदकांना घरट्यासाठी लाकडी पेट्या लावल्या. बदकं राहिली बाजूला, घुसले पारवे आणि साळुंक्या! पंचायतीचे मेंबर म्हणाले, "ह्या पावसाळ्यात एक तरी अडई बसली न्हाय, तर पेट्या उपटून टाकणार." आप्पांची झोपच उडाली.

*

पारवे आले कसे? आप्पांनी पेट्यांची रीतसर वास्तुशांत केली. नारळ, हळदकुंकू आणि प्रत्येक पेटीत मूठभर अक्षता! भटजी बांध उतरायच्या आत पारवे पंगतीला हजर.

"आप्पा, आमंत्रण कुणी दिलं?"

"गप रं!"

*

मग आप्पांनी बुजगावणं म्हणून खांबाला जुनी साडी बांधली. दोन दिवस पारवे बिचकले, तिसऱ्या दिवशी साडीवरच बसून ऊन खाऊ लागले. तेवढ्यात आक्का आल्या. "आवं, ही माझ्या लग्नातली! तुमीच इनलेली न्हवं?"

त्या दिवशी तळ्यावरून पळाले फक्त आप्पा.

*

साळुंक्यांनी तर कहर केला. पेटीत आप्पांच्या मागावरच्या रंगीत धाग्यांचं घरटं! अंडी पडायच्या आत ते काढायचं होतं, पण आप्पा बघतच राहिले. "काठ लई बरा जमलाय गा."

*

आयडिया शेवटी आक्कांचीच चालली. "भाडेकरू काढायचा तर त्याला दुसरी खोली दावा की!"

बांधावरच्या कडुलिंबाला लहान तोंडाची पेटी लावली, साळुंक्या मुकाट तिकडे गेल्या. पारव्यांना टेकायला मिळू नये म्हणून तळ्यातल्या पेट्यांपुढची बसायची पट्टी काढली, तोंडं फळीनं बंद केली. शीळ घालत अडया घिरट्या घालू लागल्या, तेव्हाच फळ्या उघडल्या. पारवे बघत बसले. जिंकलो राव!

*

भादव्यात मेंबर बुलेटवरून धडधडत आले. मागोमाग पहारी घेतलेली दोन माणसं. "आप्पा, कुठाय तुमचं बदक?"

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. बाळंतीण हाय आत."

पेटीतून अडई बाहेर आली, पाण्यात उतरली आणि शीळ घातली. दारात एक पिल्लू दिसलं. टुप्! मग दुसरं. टुप्! टुप्! आप्पा उघड उघड रडत होते, आणि मीही.

मेंबरांनी पहारी खाली ठेवायला लावल्या. बुलेटची किल्ली खिशात घातली. आणि ती भलीमोठी गाडी दोन माणसांना मागून ढकलायला लावून, घाम पुसत, थेट डांबरी रस्त्यापर्यंत बंदच नेली.