थकणारी घोडी

संस्थानच्या कचेरीतून पेन्शन घेतली, तेव्हा देवासचे आमचे वैद्यबुवा टांग्यात शेजारी बसून म्हणाले, "तुमच्या वडिलांना मधुमेह होता. तुम्हाला तो टाळायचा असेल, तर गोड कमी करा, जवाची भाकरी खा आणि रोज चाला."

भाकरी जमली, चालणं जमेना. रोज संध्याकाळी मी त्याच टांग्यातून देवळात जाई. टांगेवाला म्हातारा होता, अबोल. चाबूक कधी उगारत नसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तळ्यापाशी त्याने लगाम ओढला. "साब, घोडी थक गई. यहाँ से पैदल चलो."

मग घोडी रोज तिथेच थकू लागली. मी कुरकुरत पुढे चालत जाई. महिनाभराने सहज मागे वळून पाहिलं, तर रिकामा टांगा घेऊन तीच घोडी दौडत परत चालली होती!

दुसऱ्या दिवशी वाटेतच मी त्याला जाब विचारला. तो ओशाळला. "वैदजी बोले, तब मैं आगे बैठा सुन रहा था, साब. मेरे बाप को यही बीमारी थी. पाँव सड़ गया था उनका."

तळं अजून बरंच लांब होतं.

"इथेच थांबव," मी म्हणालो आणि उतरलो.