उलट्या लवेचं अस्वल

त्या सिनेमातल्या अस्वलाच्या अंगावरून सारखा वारा जातो, हे बघणाऱ्या प्रत्येकाला आवडायचं. वारा कसला डोंबलाचा! एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, आणि खोलीतला पंखा मुद्दाम बंद ठेवलेला, कारण पंख्याने मागचं रंगवलेलं आभाळ हलायचं. अस्वल एवढंसं सरकवायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा एवढंसं सरकवायचं, पुन्हा फोटो. ते सगळे फोटो भराभर दाखवले की अस्वल चालायला लागतं. सरकवताना दर वेळी सिनेमावाल्याची बोटं लागून अस्वलाचे केस विस्कटायचे. तोच तो वारा. आणि केस एवढे विस्कटायचे, कारण अस्वल चुकीचं कापलेलं होतं.

घरचे हातमाग एकेक करून बंद पडले, तेव्हा मी गोळीबार चौकाजवळच्या बायकांच्या एका कारखान्यात लागले. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि सहा शिलाई मशिनी. ससे, हत्ती आणि अस्वलं करायचो. बाहेरून फरचं कापड, आत गिरणीतला टाकाऊ कापूस, डोळ्यांना कोटाची बटणं. दोन वर्षांत कापायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यात मोठी कात्री एकच होती आणि ती माझ्या हातात होती, हे मी घरी पुष्कळदा बोलून दाखवत असे.

मग माझी धाकटी जाऊही तिथे आली. खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर आधीपासूनच जळत होते. तिच्या हातची भाजी सासऱ्यांना आवडायची. ती हसली की बाकीच्या बायका उगाचच हसायच्या. मी पहिल्या सहा महिन्यांत जोडल्या नव्हत्या तेवढ्या मैत्रिणी तिने आठ दिवसांत जोडल्या.

फरला लव असते. खेळण्याच्या डोक्यावरून पायाकडे हात फिरवला तर ती मऊ बसली पाहिजे. विणकराच्या घरातली बाई नेमकी इथे चुकते. मागावर कापड विणणाऱ्याच्या पोटाकडे सरकत येतं, त्यामुळे कापडाचं थान समोर आलं की आमचे हात आपोआप मोकळं टोक पोटाशी ओढून घेतात. तसं केलं की कागदाचा साचा उलटा पडतो आणि अस्वलाचे केस भूत पाहिल्यासारखे वर उभे राहतात. कात्री हातात आली त्या पहिल्या आठवड्यात मी हेच केलं होतं. कारखान्याच्या मास्तरीणबाईंनी एक शब्द न बोलता माझं अस्वल खराब मालाच्या पोत्यात टाकलं. घरी येऊन मी जेवले नाही. पुढे तशी चूक कधी केली नाही, आणि केली होती हे कुणाला सांगितलंही नाही.

जावेला कापायला शिकवायचं ठरलं, तेव्हा तिनेही टोक पोटाशी ओढलं. मी बघत होते. थांबवू शकले असते. दोन अस्वलं पुरती शिवून होईपर्यंत गप्प बसले आणि मग सगळ्यांसमोर तिला धारेवर धरलं.

"काहून वं, डोळे फुटले काय तुझे? असं कापते काय कोणी?"

"चुकलं जाऊबाई. हातच तसा गेला."

"माह्या हातून गेला काय कधी? एकदा तरी?"

ती खाली मान घालून उसवत बसली. त्या दिवशी मला झोप छान लागली.

दुसऱ्याच दिवशी सिनेमावाला आला. त्याला अस्वलाचा छोटा सिनेमा करायचा होता. तो येणार हे कळलं होतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळी माझी बारा अस्वलं विंचरून, ओळीने मांडून ठेवली होती. त्याने एकेक उचललं. "सुबक आहेत," म्हणाला, "पण फार शहाणी दिसतात." मग कोपऱ्यातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्याने एक धुळकट, उभ्या केसांचं अस्वल बाहेर ओढलं आणि लहान मुलासारखा ओरडला, "हे! हे कोणी केलं?"

सगळ्या जणी जावेकडे बघायला लागल्या. कालच तर तिने बोलणी खाल्ली होती. ती गोंधळली. तेवढ्यात त्याने अस्वल उलटं केलं आणि मला त्याच्या पोटाखालची शिवण दिसली. किरमिजी धाग्याची. पहिल्या आठवड्यात काळा दोरा संपला म्हणून मी घरच्या लुगड्याच्या काठाचा उरलेला धागा वापरला होता. ते अस्वल माझं होतं.

नुसतं 'माझं' म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर काल मी जे सगळ्यांसमोर बोलले, ते खोटं ठरलं असतं. मी कात्रीला तेल लावत बसले. मास्तरीणबाईंनी जावेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिचंच ते."

महिनाभर मागच्या खोलीत फोटो काढणं चाललं. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांची झोपडी केली, अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे धागे, हिरवे रंगवून गवत केलं. मध म्हणून गुळाचा पाक ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. एक मुंगी अस्वलाच्या नाकावर चढलेली सिनेमात अजून दिसते. जाऊ सिनेमावाल्याशेजारी बसून दोन फोटोंच्या मधे अस्वलावर ब्रश फिरवायची, तरी केस उभेच राहायचे. मी बाहेरच्या खोलीत कापत असायचे आणि आतून तिचं हसणं ऐकू यायचं. माझं अस्वल आत चालायला शिकत होतं आणि हसत होती ती.

सिनेमावाल्याला तसंच दुसरं अस्वल हवं होतं, पडलं-मोडलं तर असावं म्हणून. नमुना बघायला जावेने ते एक रात्र घरी आणलं. चुलीजवळ बसून तिने ते बराच वेळ उलटसुलट केलं. मी विचारलं, "काय पाहून राहिली एवढं?" ती म्हणाली, "काही नाही. शिवण."

सीताबर्डीच्या एका शाळेत सिनेमा दाखवला, तेव्हा तिला पुढे बोलावून नारळ दिला. मीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दुकानदारांना तेच अस्वल हवं झालं आणि मास्तरीणबाईंनी हुकूम काढला की इथून पुढे सगळी अस्वलं उलट्या लवेची. शेकड्यांनी कापली मी, माझ्या हाताने. बायका त्यांना जावेच्या नावाने ओळखायच्या. "आज लहान बाईची किती झाली?" असं मला विचारायच्या.

पाच-सहा वर्षांनी कारखाना बंद झाला. सामान वाटताना सिनेमातलं ते अस्वल जावेला मिळालं. तिने ते घरी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. येता-जाता मला ते दिसायचं. एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी समोर बसले होते, आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "ते अस्वल माहं आहे."

तिने मान वर केली नाही. "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"घरी आणलं तवापासून. आपल्या काठाचा धागा मले ओळखू नाही येणार काय?"

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलाल म्हणून वाट पाहून राहिली होती. नारळ घेतानाबी तुमच्याकडंच पाहून राहिली होती मी." तिने एक काडी मोडली. "'मीबी चुकली होती' एवढं म्हटलं असतं न जाऊबाई, तर तो नारळ मी तुमच्या ओटीत टाकला असता."

मी उठून पाणी प्यायले. राग यायला हवा होता, तो आलाही, पण कुणावर काढायचा ते कळेना.

अस्वल अजून देवळीत आहे. नातवंडं ते खाली काढतात आणि विचारतात, हे कोणी केलं? जाऊ उत्तर देत नाही. हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते, पुष्कळ वेळ देते. आणि मी दर वेळी सांगते, "तुमच्या लहान आजीनं."