विजेता नसलेलं वर्ष

बस स्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे 'फलाटबाई' म्हणत. गाडी रद्द झाल्याचं त्या सांगायच्या तेव्हाही प्रवाशांना वाटायचं, चला, कुणाला तरी आपली काळजी आहे.

सुपर कपशी त्यांची गाठ योगायोगानेच पडली. देशाची लीग जिंकणारा आणि बाद फेरीचा कप जिंकणारा, अशा दोन संघांचा एक सामना हंगामाच्या सुरुवातीला घ्यायचा, असं फुटबॉल महासंघाने ठरवलं. पहिल्याच वर्षी त्यांच्या निवेदकाचा घसा बसला. कुणीतरी धावत बस स्थानकावर आलं. फलाटबाई माईकसमोर बसल्या आणि सवयीने म्हणाल्या, "यजमान संघ फलाट क्रमांक दोनवर..." मैदान हसलं. हसायला माणसं फारशी नव्हतीच म्हणा. सुट्टी खाऊन आलेले खेळाडू धापा टाकत पळायचे; लोक त्याला 'पोटं उतरवायचा कप' म्हणत.

मग एका वर्षी दोन शेजारी शहरांचे हाडवैरी संघ समोरासमोर आले आणि तिथून तिकिटं मिळेनाशी झाली. मध्येच एकाचे दोन सामने करून पाहिले, जमलं नाही. एकदा एकाच संघाने लीगही मारली आणि कपही. आता समोर उभं कुणाला करायचं? शेवटी कपच्या उपविजेत्याला बोलावलं, तर सुपर कप तोच घेऊन गेला. या साऱ्या वर्षांत माईकवर फलाटबाईच होत्या.

फुटबॉलचं खरं वेड मात्र त्यांच्या सासूबाईंना. गुडघे कुरकुरत, तरी पूर्वेच्या गॅलरीत अगदी वर बसायचा हट्ट.

"आई, खालचं तिकीट काढते ना," फलाटबाई म्हणायच्या.

"खालून नुसत्या पोटऱ्या दिसतात. खेळ वरून दिसतो."

मग एका वर्षी सामन्याच्या दुपारीही सासूबाई वरच होत्या. दोन्ही संघ मैदानात उतरले होते, पंच नाणं उडवणार होते. काचेच्या खोलीतून फलाटबाईंना पूर्वेच्या गॅलरीखालून धुराची एक रेघ निघताना दिसली. आधी वाटलं, कुणीतरी फटाका लावला असेल. पण रेघ जाड होत गेली. वरच्या रांगा उठल्या आणि एकदम जिन्याकडे सरकल्या. त्या गॅलरीला बाहेर पडायला एकच जिना होता, तोही अरुंद.

महासंघाचे चिटणीस धापा टाकत खोलीत शिरले. "खाली वायरी जळतायत! सांगा, आग लागली आहे, सगळ्यांनी बाहेर पळा!"

जिन्याच्या तोंडाशी माणसं माणसांवर रेलताना दिसत होती. त्यात सासूबाई कुठे? नुसती डोकीच डोकी. पळा म्हटलं, तर मागचे पुढच्यांना तुडवतील. काहीच बोललं नाही, तरी तेच.

"मैदानाकडचं जाळीचं दार उघडायला लावा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"मैदानात प्रेक्षक? गवताची वाट लागेल! वर विचारावं लागेल."

"साहेब, माझी सासू आहे हो तिथे!"

चिटणीसांनी एकदा काचेबाहेर पाहिलं आणि ते वॉकीटॉकीवर ओरडले, "दार उघडा! पूर्वेचं दार उघडा आधी!"

फलाटबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला. त्यांनी डोळे मिटून गच्च भरलेला फलाट डोळ्यांसमोर आणला आणि रोजच्या आवाजात सुरुवात केली. "पूर्वेच्या गॅलरीतल्या प्रेक्षकांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. जिना बंद आहे. मैदानाकडचं दार उघडलं आहे. खालच्या रांगांनी आधी उतरावं. वरच्यांनी जागेवर थांबावं, तुमचा नंबर येतोय. घाई नाही. म्हाताऱ्या माणसांना हात द्या."

कुणी ऐकलं नाही. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग खालची एक रांग वळली, तिच्यामागे दुसरी. दोन्ही संघांचे खेळाडू जाळीपाशी धावले आणि लोकांना हात देऊन गवतावर उतरवू लागले. धुराने गॅलरीचा वरचा भाग झाकला. फलाटबाई न दिसणाऱ्या माणसांशी बोलत राहिल्या. सासूबाईंचं नाव जिभेच्या टोकावर होतं. ते एकदा उच्चारलं, तर आपला हुंदका सगळ्या मैदानाला ऐकू जाईल, या धास्तीने त्यांनी गिळून टाकलं.

गॅलरी रिकामी झाल्यावर त्या पायऱ्यांवरून कशा उतरल्या, हे त्यांना कधीच आठवलं नाही. मैदानभर सासूबाईंना शोधत फिरल्या. सापडल्या त्या राखीव खेळाडूंच्या बाकावर. अंगावर एका बदली गोलरक्षकाचं जाकीट, तोंड काजळीने काळं.

"अगं, तू थांबा म्हणालीस म्हणून थांबले," त्या खोकत म्हणाल्या. "नाहीतर मीही जिन्याकडेच निघाले होते."

फलाटबाई तिथेच गवतात बसल्या आणि पदराने त्यांच्या तोंडावरची काजळी पुसू लागल्या.

जिन्यात एक निवृत्त पोस्टमन गुदमरून गेला होता. ते कळल्यापासून फलाटबाईंना एकच प्रश्न खाऊ लागला: चिटणीसांशी बोलण्यात वेळ गेला नसता तर? बस स्थानकावर माईक उचलला की जिन्यातला गलका कानात घुमायचा आणि घोषणा अर्धीच राहायची. त्यांनी चौकशीच्या खिडकीवर बदली मागून घेतली.

सामना रद्द झाला. सुपर कपच्या इतिहासात त्या वर्षापुढे विजेता नाही. पुढे काही वर्षं स्पर्धा बंदच राहिली. नंतर ती परदेशातल्या मैदानांवर फिरली. तिथे आपले संघ खेळायचे आणि बघायला परकी माणसं. अखेर पूर्वेच्या गॅलरीला रुंद जिने बांधले आणि कप घरी आला. बोलावणं फलाटबाईंना आलं.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या.

"नसेल जमत तर राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पण मी वरच बसणार आहे. तिथे कुणा परक्याचा आवाज ऐकून मला धीर यायचा नाही."

सामन्याच्या दिवशी फलाटबाई सकाळीच गेल्या. पूर्वेचं प्रत्येक दार स्वतः ढकलून पाहिलं; एक अडकत होतं, ते सुताराकडून तासून घेतलं, तेव्हाच माईकपाशी बसल्या. संघांची नावं सांगण्याआधी त्यांनी बाहेर पडायच्या वाटा सांगितल्या, सावकाश, दोनदा. कुणीतरी ओरडलं, "बाई, खेळ सुरू करा!" त्यांनी कागद टेबलावर दाबून धरला आणि पहिल्या गोलरक्षकाचं नाव वाचलं.