खोब्रागडे मॅडम आणि मिरचीले गेलेलं गाव

प्रा. रत्नमाला खोब्रागडे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला फोनवर बजावलं, ‘बोरकर सर, जरा सांभाळून लिहा.’ सांभाळूनच लिहितो आहे. पण लेखाला बसलो तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. धानोरा तालुक्यातली एक लहानशी शाळा राहते की जाते, याचा निकाल याच उन्हाळ्यात लागायचा आहे. आणि त्याची सगळी जोखीम साठी गाठलेल्या आमच्या मॅडमनी आपल्या डोक्यावर घेतली आहे.

नागभीडकडच्या आमच्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवायला नवा लागलो होतो. पोरांकडून गावात सर्वेक्षण करून घ्यायचं म्हणून मोठ्या हौसेने प्रश्नावली तयार केली. पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या कुटुंबाच्या प्रमुख समस्या कोणत्या?’ समाजशास्त्राच्या खोब्रागडे मॅडमनी तो कागद स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मॅडम एरवी प्रमाण मराठी बोलतात. रागावल्या की झाडीबोलीवर येतात.

“सर, कोनी अनोळखी मानूस तुमच्या दारात येऊन म्हनला, तुमची समस्या काय, त तुमी सांगसान काय त्याले?”

मी म्हणालो, हे संशोधन आहे. त्या म्हणाल्या, मग आधी अंगणात बसायला शिका. मला झोंबलं. अजूनही आठवलं की झोंबतं, पण प्रश्न मात्र मी बदलला.

मॅडमचे वडील सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर मजुरी करायचे. संशोधन म्हणजे चिखलात उभं राहणं, असंच आपल्याला लहानपणी वाटायचं, असं त्या सांगतात. पुढे बाबासाहेबांचा फोटो असलेल्या त्या घरातून त्या शिकल्या, प्राध्यापक झाल्या, पण चिखल काही सुटला नाही. रेशन दुकान, आश्रमशाळा, दवाखाना, वनहक्काचे दावे, ज्या ज्या गोष्टीवर सरकार धोरण करतं, त्या त्या गोष्टीवर त्यांनी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवलं. त्यांचा एक दंडक होता. ज्या गावाबद्दल लिहिलं, त्या गावात जाऊन अहवाल मोठ्याने वाचून दाखवायचा. गावानं ‘असं नाई’ म्हटलं की ते वाक्य खोडायचं. त्यानंतरच तो कुठे पाठवायचा. या वाचनापायी आम्ही कुठल्या कुठल्या समाजमंदिरात डासांचं जेवण झालो, ते आमचं आम्हाला ठाऊक.

हा दंडक एकदाच मोडला, आणि नेमका तेव्हाच घात झाला. धानोऱ्याकडच्या एका गावात आमचा गट शाळेतल्या उपस्थितीचा अभ्यास करायला गेला होता. गटात ईशा नावाची एक नागपूरची हुशार मुलगी होती. बरीच घरं बंद दिसली. एका अंगणात म्हातारे आजोबा बसले होते. त्यांनी सांगितलं, “सगळे मिरचीले गेले.” ईशानं अहवालात छान शुद्ध मराठीत लिहिलं, ‘सर्वेक्षणाच्या वेळी बहुसंख्य पालक मुलांसह मिरची आणण्यासाठी बाजारात गेलेले आढळले. यावरून शिक्षणाविषयीची अनास्था दिसून येते.’ विद्यार्थी संशोधन स्पर्धेची तारीख तोंडावर आली होती. गावातलं वाचन नंतर करू, असं ठरलं. मॅडमनी अहवाल तपासून सही केली. अहवालाला पहिलं बक्षीस मिळालं, महाविद्यालयात पेढे वाटले गेले, आणि त्याची एक प्रत शिक्षण खात्याच्या कचेरीतही गेली.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही वाचनाला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. ईशा ते वाक्य वाचून पुढे गेली, तर बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सुनंदा हलामी नावाची एक तरुण आई होती, तिची मुलगी दुसरीत. ती म्हणाली, “एवढी मिरची कोन खाईल वो बाई? मिरचीले गेलो म्हन्जे तेलंगणात गेलो आमी. तोडाले. धानाचं काम सरलं का सारं गाव जाते. पोरायले कोनाजवळ ठेवाव? घेऊन जातो.”

ईशाचा चेहरा उतरला. मग मास्तरांनी हळूच सांगितलं की पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा प्रस्ताव वर गेला आहे आणि त्यात पालकांच्या अनास्थेचा दाखला दिला आहे, आमच्याच अहवालातला. व्हरांड्यातलं हसू बंद झालं. पुढची शाळा नाल्यापलीकडे, मध्ये दाट जंगल, त्यात अलीकडे वाघाचा वावर. सुनंदा एवढंच म्हणाली, “मंग माही पोरगी शिकली आता.”

परतीच्या वाटेवर ईशा रडत होती. मॅडमनी तिला बोल लावला नाही. मला म्हणाल्या, “सर, मी झाडीतली बाई. मिरचीले जानं मले नाई समजत काय? पन शुद्ध लिहिलं होतं ना, म्हनून खरं वाटलं मले.” ईशाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं, झुणका-भाकरी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशीपासून तिच्याकडूनच अहवाल नव्याने लिहून घेतला. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत पडली आहे. माणूस बोलला ते वाक्य आधी जसंच्या तसं लिहायचं, आपला अर्थ त्याखाली.

नंतर मॅडम शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. मी सोबत होतो. तिथले साहेब म्हणाले, “मॅडम, अहवाल तुमचाच आहे ना? सही तुमचीच?” मॅडम म्हणाल्या, “माझीच. म्हणूनच मागे घ्यायला मी आले आहे.” तिथवर ठीक होतं. पण त्यांनी बक्षीसही परत केलं. प्राचार्य चिडले, महाविद्यालयाचं हसं झालं, आणि मीही स्टाफरूममध्ये आवाज चढवला. चूक दुरुस्त केली, तेवढं पुरे होतं, हे माझं मत आजही कायम आहे. त्यांचं मतही कायम आहे.

नव्या अहवालात एकच मागणी होती. मिरचीच्या हंगामात मुलं गावातच राहावीत म्हणून तिथे हंगामी वसतिगृह करा. मॅडमनी हेलपाटे घालून घालून साहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की प्रस्ताव थांबवतो. येत्या हंगामात मुलं शाळेत बसलेली दिसली तर शाळा राहील. वसतिगृह मंजूर झालं, असंही सांगण्यात आलं. पण जागा नाही, स्वयंपाकीण नाही, कोणाची नेमणूक नाही. सरकारी मंजुरी म्हणजे बोलाचीच कढी.

हिवाळ्यात मॅडमनी गावात बैठक घेतली. मुलांना मागे ठेवा, असं समजावून सांगितलं. शेवटी सुनंदा बोलली, “सरकारच्या भरवशावर पोरगी नाई ठेवत मी. तुमी राह्यसान काय इथी?”

मला वाटलं, मॅडम आता काहीतरी धीराचं बोलतील आणि विषय बदलतील. त्या म्हणाल्या, “राहीन. जानेवारीत कालेज रिटायर करून सोडून देते मले. मंग मले काम काय?”

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. मॅडमना साखरेचा आजार आहे, गुडघे धड नाहीत, दवाखाना जवळ नाही. हे तर आ बैल मुझे मार झालं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, “आपन लिहिलं होतं का मायबापाले पोरायची फिकीर नाई. आता त्याच मायबापाले पोरं ठेवा म्हनून राह्यलो. कोनाच्या भरवशावर ठेवतीन ते?”

तेव्हा मंडळी, या ग्रंथाचं प्रकाशन फेब्रुवारीत थाटात होईल, भाषणं होतील, पण सत्कारमूर्ती व्यासपीठावर नसतील, ऐन मिरचीच्या हंगामात त्या गावात पोरांपाशी असतील. गौरव समितीनं तारीख बदलायची तयारी दाखवली, तर मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम उरकून घ्या, शाल सवडीने पाठवा. इकडे मला झोप नाही. साहेब शब्द पाळतील का, मुलं टिकतील का, एखादं पोर तापानं फणफणलं तर काय, हे सारखं मनात घोळतं.

साठीच्या लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. तशी वाक्यं मी आजवर पुष्कळांसाठी लिहिली, हाताला सवयच आहे. आज मात्र लिहिताना भीती वाटते. मॅडम, गोळ्या वेळेवर घ्या. नाल्याच्या उतारावर काठी वापरा. अडलं तर मला निरोप धाडा, मी कुरकुरत का होईना, येईन. तुम्हाला आजारी पडून चालायचं नाही. तुमच्या आसपास ती पोरं निजलेली असतील आणि त्यांच्या आया दूर परमुलखात मिरची तोडत असतील, बाई धडधाकट आहेत एवढ्या एका विश्वासावर. तो विश्वास खरा ठरो, या हंगामात आणि पुढच्या कैक हंगामांत.