बरणीवरचा दाखला

आधी एक कबुली देऊन टाकते. अठरा वर्षांची असताना, दादरची गाडी चुकली म्हणून, मी बोरीबंदर स्टेशनातल्या एका बाकावर सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत बसून राहिले होते. समोरून दर पाव तासाला दादरला जाणारी विजेची गाडी सुटत होती. मी डोळे पुसत एकेक गाडी बघत होते आणि मनात म्हणत होते, किती नशीबवान ही माणसं, यांची गाडी अजून आहे...

पाच आठवड्यांपूर्वी किहीमहून पुतण्याचा फोन आला, यमूआत्या गेली. यमूआत्या म्हणजे माझी नणंद, यमूवन्सं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून जन्मभर अहोजाहो. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, त्या बाकाची गोष्ट जाणणारं माणूस आता कुणी उरलं नाही. जरा सुटल्यासारखं झालं. शोभत नाही, पण वाटलं ते वाटलं. आणि लगेच ती गोष्ट स्वतःच लिहायला बसले. अक्कल तेव्हाही बेताचीच होती.

वन्सं सोळाव्या वर्षी विधवा झाल्या आणि सासरच्यांनी त्यांना किहीमला आणून सोडलं. त्या काळी आमच्या घरात विधवेचे केस ठेवत नसत. वन्संचे केस असे, की न्हायल्यावर वाळवायला अर्धी दुपार जायची. पण त्या व्हर्नाक्युलर फायनल पास होत्या, अलिबागेत पहिल्या आलेल्या. दादरला बायकांना मास्तरीण करणारी एक संस्था होती. आमचे हे मामंजींशी महिनाभर भांडले. शेवटी मामंजींनी एक अट घातली. संस्थेनं घेतलं तर शीक, केसही ठेव. नाही घेतलं तर घरची रीत. एकदाच जायचं, पुन्हा विचारायचं नाही.

मुंबईत बिऱ्हाड करून मला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. गाडीत दोनदा बसले होते, दोन्ही वेळा ह्यांच्या उपरण्याचं टोक धरून. तेवढ्या भांडवलावर मी वन्संना रेल्वे समजावून सांगत होते. दांडी कुठं धरायची, खिडकीतून काय बघायचं, उतरताना पदर कसा आवरायचा. त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. मी म्हणजे जशी काही ती वीज माहेराहूनच आणली होती.

मुलाखत बाराला होती. ह्यांनी आम्हाला बायकांच्या डब्यात बसवलं, वन्संच्या फायनलचा दाखला आणि मुलाखतीचं पत्र रुमालात बांधून माझ्या हातात दिलं, दादर येईपर्यंत हातातून सोडू नकोस म्हणाले आणि कचेरीत गेले. गाडी उभी होती. फलाटावर गोटीच्या सोड्याची हातगाडी होती आणि तिच्यावर गुलाबी सोडा होता. सासूबाई नाहीत, हे नाहीत, आणि समोर गुलाबी सोडा. मी उठले. वन्सं म्हणाल्या, गाडी सुटेल. मी हसले.

का हसले, ते आमच्या अलिबागेकडच्या माणसाला सांगायला नको. रेवसच्या लाँचवर सुकाणूवरचा तांडेल माणसासाठी थांबायचाच. किनाऱ्यावरून कुणी पदर हलवला, तर तो सुटलेली लाँचसुद्धा मागे घ्यायचा. चुकलीच, तर मग दुसऱ्या दिवशी. प्रवास म्हणजे मला एवढंच ठाऊक. म्हणून मी रीतसर गार्डाकडे गेले आणि सांगितलं, आमचं माणूस आत आहे, मी येईस्तोवर थांबा हं. त्यानं मान हलवली. बायकांना वाटेला लावायला पुरुष हलवतात तशी. ती ओळखायला मला पुढे संसाराची दहा वर्षं लागली.

तीन घोट झाले असतील नसतील, गाडी हलली. मी एका हातात बाटली, एका हातात रुमाल अशी गार्डाच्या मागे धावले, "अहो तांडेल, अहो तांडेल" ओरडत. माझ्यामागे सोडावाला, त्याच्या बाटलीसाठी. अख्खा फलाट हसला. मीही लिहिताना हसतेय... खिडकीतून वन्संचा हात बाहेर होता. त्या मला हाक मारत नव्हत्या, रुमालाकडे बोट दाखवत होत्या.

मग तो बाक. परक्या माणसाशी बोलायचं नाही हा नियम मला सोडा पिऊन झाल्यावर आठवला, म्हणून कुणाला काही विचारलंही नाही. साडेपाचला हे नेहमीप्रमाणे घरची गाडी धरायला आले, तर मी बाकावर. यमू कुठाय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या पुढे गेल्या. आपली गाडी उद्या किती वाजता आहे?"

ह्यांनी समोर उभ्या असलेल्या गाडीत मला दंडाला धरून चढवलं. त्या गाडीला दादर यायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वन्सं एकट्या, डब्यातल्या एका पारशीणबाईंना विचारून, वेळेवर पोचल्या होत्या. संस्थेच्या ओसरीवर रुळांचा आवाज यायचा. तिथल्या बाईंनी ह्यांना सांगितलं, प्रत्येक गाडी वाजली की मुलगी उठून उभी राहायची आणि म्हणायची, वहिनी ह्या गाडीनं येईल. दर पाव तासाला गाडी असते, हे तिला एका फेरीत कळलं होतं. बाईंनी चारपर्यंत वाट पाहिली. मग ती जागा दाखला हातात घेऊन बसलेल्या दुसऱ्या मुलीला दिली.

तिसऱ्या दिवशी मीच त्यांना किहीमला पोचवायला निघाले. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि धक्क्यावर एक बाई कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन धावत आली. तांडेलानं लाँच मागे घेतली. "दमानं ये गो बाय, हाय मी," तो म्हणाला. वन्संनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग रेवस येईपर्यंत पाण्याकडे.

पुढे मामंजी गेले, सासूबाई गेल्या, काळ बदलला, पण वन्संनी केस वाढवले नाहीत. दर पंधरवड्याला न्हाव्याला स्वतः निरोप धाडत. मी एकदा म्हटलं, आता कोण विचारतंय, राहू द्या की. त्यांनी माझ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुझा छान आहे. दर मे महिन्यात आम्ही किहीमला जायचो. जेवणात लोणचं वाढायला मला पाठवायच्या, मलाच. बरणीच्या फडक्याखाली त्यांनी तो दाखला बांधला होता, तोंडाच्या मापाचा गोल कापून. कडेचे शिक्के कापले गेले होते. मधोमध नाव होतं, कुमारी यमुना, आणि खाली 'प्रथम'. पन्नास वर्षं मी तो कागद सोडून लोणचं वाढलं, पुन्हा बांधून ठेवलं. एका शब्दानं त्या कधी काही बोलल्या नाहीत. कशाला बोलतील?

शेवटच्या दुखण्यात न्हावी बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मी पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस होते, जावळासारखे मऊ. मी हात फिरवला. जिवंतपणी फिरवू दिला नसता. मग स्वयंपाकघरात गेले. बरणी जागेवर होती. कागद तेल पिऊन पारदर्शक झालाय, धरला की पलीकडचं दिसतं, पण नाव वाचता येतं. बरणी मी मुंबईला आणलीय. सून विचारते, आई, हा तेलकट कागद टाकू का? मी नको म्हणते.

एका शब्दानं बोलल्या नाहीत म्हटलं, ते तितकंसं खरं नाही. त्या वेळी किहीमला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी मामंजींनी न्हावी बोलावला. विहिरीमागे, पोफळींच्या आड. झाल्यावर आलवणाचं लाल लुगडं घेऊन मलाच पाठवलं. केस पाटाभोवती पडले होते, मला त्यांच्यावरून चालावं लागलं. वन्संनी आलवण डोक्यावरून घेतलं, कपाळावर नीट ओढलं, आणि अगदी साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

"वहिनी, सोडा गार होता का गं?"