विजेशिवाय चालणारे टोस्टर

"त्या पोरीचे टोस्टर विजेशिवाय चालतात म्हणे."

बेकरीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई त्यांच्या सोबतिणीला सांगत होत्या, आणि मी मागे बटरचं पुडकं छातीशी धरून थिजले होते. सोबतीण म्हणाली, "अगो, मग पाव भाजतो कसा?" "ता काय ठाऊक नाय. पण कॉइल हातान् गुंडाळते म्हणे. इंग्लिश मीडियमची आहे ना!" मग दोघींनी माना डोलावल्या, जणू इंग्रजी शाळेत पाचवीपासून टोस्टर शिकवतात. ती पोरगी म्हणजे मी. मी जन्मात टोस्टर बनवला नव्हता. आमच्या घरात टोस्टर नव्हताही. वळून एवढंच सांगायचं होतं, की बाई, काहीतरी गैरसमज होतोय. मी घसा साफ केला. त्या बाईंनी वळून पाहिलं. मी बरण्यांमधल्या नानकटाईकडे अतिशय अभ्यासू नजरेनं पाहू लागले, आणि तशीच घरी आले.

याचं सगळं श्रेय आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या अलोऱ्याच्या काकांचं. अलोऱ्याच्या काकांनी एखाद्या वस्तूची जाहिरात करायला घेतली, की ती वस्तू जगात असण्याचीही गरज उरत नसे. चिपळूणजवळच्या अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, त्यांचं आयुष्य गेलं होतं. वीजघरात नोकरी. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, तरी यंत्रांच्या घरघरीवर मात करणारा तो आवाज काही निवृत्त झाला नाही. ते काकूंना घरात "चहा झाला काय?" असं विचारत, तेव्हा खालच्या मजल्यावरून "झाला!" असं उत्तर येई. त्यात त्यांना कमी ऐकू यायचं. याउलट मी. शाळेत हजेरीला मी "प्रेझेंट मिस" म्हणायचे ते जेमतेम माझ्या बाकापर्यंत पोचायचं; एक अख्खी सहामाही मी वर्गात बसून गैरहजर होते. मला ऐकू जाईल असं बोलता येत नव्हतं आणि त्यांना बोललेलं ऐकू येत नव्हतं. अशा दोन माणसांनी मिळून एका दुकानाची जाहिरात केली, ही ती हकिकत.

काका निवृत्तीनंतरही पाळीनं जगत. सकाळी सहा ते दोन पहिली पाळी, दोन ते दहा दुसरी. पहिल्या पाळीत भाजी आणि पेपर, दुसरीत लोकांच्या घरची दुरुस्ती. खिशाला तीन रंगांची तीन पेनं, आणि हातात एक लांबट वही, जिच्यात ते काहीही नोंदवत: टाकीतलं पाणी, गॅस कधी लावला, समोरच्या नारळावरचे नारळ. कुठलंही बटण दाबायच्या आधी ते रबरी चपला घालत आणि लाकडी पाटावर उभे राहत. समई लावतानासुद्धा पाटावर उभं राहून मग वाकत. काकू म्हणायच्या, "अहो, समईला शॉक नसतो." त्यावर काका म्हणत, "आज समई, उद्या मेन स्विच. हाताला सवय एकच असावी!" हे वाक्य खालच्या मजल्यावरही पाठ होतं.

माझं दुकान म्हणजे इंटरनेटवरचं एक फुकट मिळालेलं पान होतं. कॉलेज संपलं होतं, नोकरीसाठी मुलाखत द्यायची म्हणजे तोंड उघडावं लागणार होतं, म्हणून मी काथ्याकडे वळले. गुहागरहून येणारी काथ्याची बारीक दोरी गोल गोल गुंडाळायची, रंगीत दोऱ्यानं टाके घालत जायचं, की तळहाताएवढी चकती तयार होते. तिच्यावर कप किंवा पेला ठेवायचा. मराठीत तिला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आई "तुझ्या त्या चकत्या" म्हणायची, जे मला अपमानास्पद वाटे. पानावर मी इंग्रजीत लिहिलं होतं की कोकणच्या किनाऱ्याची स्पंदनं जपणारे हे हँड-कॉइल्ड कोस्टर आहेत. ती स्पंदनं वाचून तोवर एकही माणूस हललेला नव्हता. घरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं. मी 'दुकानात' बसले की घरचा फोन बंद. बाबांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. एक तरी बाहेरची ऑर्डर येऊ दे. नाहीतर पुण्याला मावशीकडे जायचं आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा." बँक म्हणजे काउंटर, काउंटर म्हणजे माणसं. मला नुसत्या कल्पनेनं घाम फुटायचा.

अशा दिवसांत एकदा काकांनी मला जिन्यात गाठलं. "काय गो, काय बनवतेस म्हणे तू? फोन सारखा एंगेज!" मी म्हटलं, "हँड-कॉइल्ड कोस्टर." काकांनी कानाला हात लावला. मी पुन्हा तेच, त्याच आवाजात म्हटलं. काकांचा चेहरा उजळला. "हँड कॉइल टोस्टर? हातानं कॉइल गुंडाळतेस तू?" आता विचार केला की वाटतं, या तीन शब्दांचा असा अनर्थ फक्त विजेच्या माणसालाच करता येणार होता, आणि तो खोडून न काढणं फक्त मलाच जमणार होतं. मी मान हलवली. माझी मान हलते तेव्हा ती नक्की हो म्हणते की नाही, ते आमच्या घरातही कुणाला कळत नाही.

पुढे त्यांनी माल पाहिला तेव्हा गैरसमज आपोआप दूर होईल अशी मला आशा होती. काकांनी चकती हातात घेतली, उलटी केली, पाटावर ठेवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "याच्यावर गरम कप ठेवायचा? टेबल भाजू नये म्हणून? म्हणजे काम उष्णतेचंच. टोस्टर!" काकू दबकत म्हणाल्या, "अहो, टोस्टर म्हणजे पाव भाजतात तो ना?" काका कडाडले, "तो इलेक्ट्रिक! हा साधा! पोरगी इंग्लिश मीडियमची आहे. तिला टोस्टर म्हणजे काय ते ठाऊक नसेल काय?" या विश्वासापुढे मी काय बोलणार होते? एकदा धीर करून मी "काका, को... को..." इथपर्यंत पोचले होते. काका एकदम दचकले. "कोण? शॉक बसला कोणाला?" मी पुन्हा मान हलवली.

आणि मग सुरू झाली जाहिरात. काकांनी हिशेब मांडला की टोस्टर घेणारा माणूस पाव खाणार, आणि पाव खाणारा बेकरीत येणार. म्हणून त्यांनी तीन रंगांत लिहिलेल्या चिठ्ठ्या बेकरीत नेऊन ठेवल्या. बेकरीवाले चाचा प्रत्येक पावाच्या लादीबरोबर एक चिठ्ठी देत आणि मला पाहिलं की म्हणत, "बाय, तुझा टोस्टर निघाला की पहिला माना दाखव हां. माझी भट्टी बंद पडायची नायतर." चिपळूणच्या एस.टी.त काका खिडकीशी बसून शेजारच्याला दुकानाचा पत्ता सांगत, "डब्ल्यू तीनदा! मग टिंब!" ते ऐकून एकदा कंडक्टरनं गाडी थांबवली होती, कुणाला उतरायचंय असं वाटून. दुकान ऑनलाईन आहे हे मात्र काकांना आवडलेलं नव्हतं. त्यांच्या नोकरीत लाईन ऑन असली की तिला हात लावायचा नसे. "लाईन ऑन असताना तू माल काढतेस कशी?" त्यांनी मला काळजीनं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या मापाच्या रबरी चपला आणून दिल्या. संगणकासमोर मी त्या घालू लागले. कोण वाद घालणार?

लोक येऊ लागले, पण बिघडलेल्या इस्त्र्या, मिक्सर आणि एकदा तर शेगडी घेऊन. मी दार अर्धं उघडून समोरच्या दाराकडे बोट दाखवी. काका पाटावर उभे राहून सगळं दुरुस्त करत आणि परत देताना त्याच्या वायरीला माझी एक चिठ्ठी बांधत. रत्नागिरीतल्या कितीतरी इस्त्र्या माझ्या दुकानाचा पत्ता घेऊन फिरत होत्या. चकती मात्र एकानंही नेली नाही.

माझ्या पानाच्या तळाशी, ते किती वेळा उघडलं गेलं त्याचा आकडा दिसायचा. काकांनी तो पाहिला आणि त्यांच्या नोकरीचे दिवस परत आले. त्यांच्या लेखी तो मीटर होता. रोज दोन वाजता, पाळी बदलताना, ते आमच्या दारात वही घेऊन उभे राहत. "रीडिंग?" मी पान उघडून आकडा सांगे, म्हणजे बोटांनी दाखवे. "लोड वाढतोय!" असं गर्जून ते निळ्या पेनानं नोंद करत. ते पान दिवसातून सात-आठ वेळा मीच उघडून बघते आणि तो सगळा लोड माझाच आहे, हे मी त्यांना सांगू शकले नाही. न सांगितलेल्या गोष्टींची माझी यादी त्या काळात त्यांच्या वहीपेक्षा लांब झाली होती.

दिवाळी महिन्यावर आली असताना मला खरीखुरी मेल आली. मुंबईच्या एका बाई गुहागरला पर्यटकांसाठी घरं बांधत होत्या. त्यांना सगळ्या खोल्यांसाठी कोस्टर हवे होते. चिपळूणला दिवाळीपूर्वीचं हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं, तिथे तुम्ही असलात तर वाटेत माल बघून ठरवते, असं त्यांनी लिहिलं होतं. बाबांनी ती मेल दोनदा वाचली आणि क्लासच्या फॉर्मवर पेपरवेट ठेवला. प्रदर्शनातली जागा काकांनीच मिळवली. एस.टी.च्या टपावर बोजा चढवला, टेबल मांडलं. मी चकत्या ओळीनं लावत असताना ते मागे खुर्चीवर चढून काहीतरी बांधत होते. मी वळून पाहिलं. पिवळ्या कापडावर, रंगाऱ्याकडून करून घेतलेली लाल अक्षरं: 'हँड कॉइल टोस्टर. विजेशिवाय!'

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी खुर्चीवरूनच विचारलं, "वाचता येतंय ना लांबून?" मी मान हलवली.

दुपारी त्या बाई आल्या, सोबत एक गृहस्थ. त्यांनी चकती हातात घेतली, टाके निरखले, आणि माझ्याशी इंग्रजीत फार छान बोलल्या. किती दिवसांत किती होतील असंही त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर वर गेली. आधी त्या हसल्या, मग त्यांनी गृहस्थांना दाखवलं, तेही हसले. "अहो आजोबा," त्या मराठीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "टोस्टरमध्ये ब्रेड भाजतात. हे कोस्टर! को-स्टर! कुणी सांगितलं तुम्हाला टोस्टर?" शेजारच्या लोणच्याच्या टेबलावरच्या बायका हसल्या. समोर पाच-सहा माणसं थांबली होती, तीही हसली. त्या गृहस्थांनी कापडाचा फोटो काढला.

त्या वेळी काकांना सगळं नीट ऐकू आलं. ते कापडावरच्या अक्षरांकडे बघत राहिले, मग चकतीकडे, मग माझ्याकडे. आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू बोलले. इतकं हळू, की मलाही पुढे वाकावं लागलं.

"काय गो, मी चुकीचं सांगत होतो काय?"

त्या बाईंची ऑर्डर मला मिळाली नाही. दिवाळीनंतर मी पुण्याला गेले, परीक्षा पास झाले, आणि आज काउंटरच्या काचेमागे बसते, समोरची माणसं दिवसभर म्हणतात, "मॅडम, जरा मोठ्यानं बोला." दुकानाचं पान मी बंद केलं नाही. पुण्याहून रोज एकदाच, दुपारी, मी ते उघडायचे. आकडा रोज दोननं वाढलेला असायचा. एक मी, आणि दुसरं कोण ते मला काकूंनी फोनवर सांगितलं: दोनच्या सुमारास हे वही घेऊन सायबर कॅफेत जातात, रबरी चपला घालून. तीन वर्षं आणि काही महिने आकडा दोननं वाढत राहिला. मग एके दिवशी तो एकनंच वाढला. दुसऱ्या दिवशीही एकनंच. फोन करायला मला पुढचे दोन दिवस धीर झाला नाही.

पण त्या दुपारी चिपळूणला ते माझ्यासमोर उभे होते, उत्तराची वाट बघत, आणि सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. त्या बाई तर मान कलती करून, मी आता काय ते सांगेन म्हणून, हसत थांबल्या होत्या. नुसती मान हलवूनही मला भागवता आलं असतं. मी टेबलाला दोन्ही हात टेकले, आणि लोणच्याच्या टेबलापलीकडे, मांडवाच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं,

"काही चुकीचं नाही, काका! टोस्टरच आहेत हे! आमच्या रत्नागिरीत यांना टोस्टरच म्हणतात!"