फसलं तरी आवरा

"फसलं तरी आवरायचं रे," असं म्हणत काका खिशातलं पिवळं फडकं काढायचे आणि कीबोर्ड पुसायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि ठाण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते कॉम्प्युटर ऑपरेटर होते, सगळ्यांचेच काका. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याच्या शिस्तीला सगळे हसतात आणि ज्याच्या जिवावर सगळ्यांचं चालतं.

रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. रोज दुपारी सगळ्यांचं काम एकत्र करून काका त्याची चाचणी लावत. त्यासाठी त्यांनी दोन फायली केल्या होत्या. 'मांड' चाचणीआधी खोटे रुग्ण भरायची, 'आवर' नंतर उरलंसुरलं पुसायची. चाचणी मध्येच कोसळली तरी 'आवर' चालवायचीच, हा त्यांचा हट्ट. कोणी काय चालवलं याची नोंद मात्र ते छापून ठेवत, ती कधी पुसत नसत.

"काका, फसलेल्याचं काय आवरायचं?" मी एकदा विचारलं.

"अरे, पाहुणे भांडून उठले म्हणून उष्टी ताटं तशीच ठेवतोस? उद्याच्या पंगतीला तीच वाढशील?"

बायकोच्या दुखण्यासाठी त्यांनी दोन दिवस रजा घेतली, तेव्हा चाचणी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी ती कोसळली. वैतागून मी 'आवर' न चालवताच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ती झक्क पास झाली. माझा प्रोग्रॅम नवे आकडे लिहीतच नव्हता, चाचणीने आदल्या दिवशीचे उरलेले वाचले होते. हे मला फार उशिरा कळलं.

पास झाला म्हणून तो प्रोग्रॅम लॅबांना गेला आणि कल्याणच्या एका लॅबमध्ये एकाचे आकडे दुसऱ्याच्या रिपोर्टवर छापले गेले. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "चाचणी कुणाची जबाबदारी?"

"माझी," काका म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी उघडलं नाही. बावन्नाव्या वर्षी, घरात आजारी बायको असताना, त्यांची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी त्यांनी चाचणी लावली, 'आवर' चालवली, कीबोर्ड पुसला, खुर्ची आत सरकवली. "येतो रे," म्हणाले आणि डोंबिवलीला निघून गेले. नंतर मी त्यांचा खण उघडला. सगळा रिकामा, आत एकच छापील कागद. त्या दोन दिवसांची नोंद. 'आवर' पुढे 'नाही', त्यापुढे माझं नाव आणि नावाखाली पेन्सिलीची रेघ.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

नंतर दोनदा मी डोंबिवलीत त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा जिना चढलो, तर दार त्यांच्या मुलीने उघडलं. आत काकांच्या फोटोला हार होता. फोटोखाली पिवळं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. तिने चहा विचारला. मी "ऑफिसातला," एवढंच सांगितलं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीची रेघ आता दिसत नाही. नाव स्पष्ट वाचता येतं.